तीन हजार पुस्तकांची चोरी

दिवाळी अंकात चोरीची हकिकत कोणाला आवडत नाही? म्हणून वाचकहो, यंदा मी चोरीचीच हकिकत सांगणार आहे. चोरीला गेलेली पुस्तके तीन हजार एकशे अठरा. संशयित एक. साक्षीदार एक यंत्र. आणि तपास करणारा, संशय घेणारा व अखेरीस मान खाली घालणारा इसम म्हणजे हा आपला नेहमीचा लेखक. हकिकतीच्या मधोमध कॉम्प्युटरचा एक छोटा पाठ आहे. तो गाळून पुढे जाऊ नका. चोर त्या पाठातच लपलेला आहे.

बँकेच्या हिशेबखात्यात छत्तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतच घरातील एकूण एक वस्तूची जागा बदलून टाकली. शेवटी आमची ही म्हणाली, “अहो, बाहेर काहीतरी काम बघा. नाहीतर मलाच घर सोडून निवृत्त व्हावं लागेल.” सूचना रास्त होती. मी दोन कामे पत्करली. आमच्या भागातील जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर गेलो, आणि पायथन शिकायला घेतले.

पायथन म्हणजे अजगर, हे मलाही ठाऊक होते. पण हा पायथन निराळा. ग्विडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली लोकांपुढे ठेवलेली, कॉम्प्युटरला कामे सांगण्याची ती एक भाषा आहे. नावदेखील अजगरावरून घेतलेले नाही. मॉन्टी पायथन या इंग्लंडातल्या विनोदी मंडळीवरून ते ठेवले आहे. ज्या भाषेचे नावच विनोदी मंडळीवरून आले, ती आपल्याला जमेल असे मला वाटले. आमची कन्या पुण्याला एका कंपनीत हेच काम करते. रोज रात्री नऊ वाजता फोनवर माझी शिकवणी सुरू झाली. लहानपणी पाढे चुकल्याबद्दल मी तिला जे जे बोललो होतो, ते सर्व तिने व्याजासह परत केले.

एके रात्री धडा होता जनरेटरचा. मला वाटले, वीज गेल्यावर सोसायटीत धडधडतो तो. कन्या म्हणाली, “बाबा, तो नाही. मला सांगा, घरी पंधरा माणसं जेवायला असली की आई काय करते?”

“कुरकुर करते,” मी म्हणालो.

“त्यानंतर?”

“त्यानंतर सकाळीच पोळ्या लाटून डबा भरून ठेवते.”

“हा झाला एक प्रकार. सगळ्या पोळ्या आधी तयार, मग वाढायला सुरुवात. डबा मोठा लागतो, आणि शेवटची पोळी होईपर्यंत पहिल्या माणसाचं पान रिकामं. पण आपण दोघंच बसलो असलो की?”

“मग गरम गरम. एक संपली की दुसरी.”

“तोच जनरेटर! मागाल तेव्हा एक. मधल्या वेळात आई थांबलेली असते, पण कणीक किती उरलीय, कितवी पोळी चाललीय, सगळं तिच्या लक्षात असतं. तुम्ही ‘आण’ म्हटलं की जिथं थांबली तिथूनच पुढे.”

मग तिने मला यंत्राच्या भाषेत तेच समजावले. प्रोग्रॅममधील साधे फंक्शन एकदा कामाला लागले की काम संपवूनच ‘रिटर्न’ या शब्दासरशी उत्तर देते, आणि उत्तर दिल्यावर आपण काय करीत होतो ते सगळे विसरते. सरकारी कचेरीतून बाहेर पडलेल्या अर्जासारखे त्याचे आणि आपले नाते तिथेच संपते. पण फंक्शनमध्ये ‘यील्ड’ हा शब्द घातला की त्याचा स्वभाव पालटतो. ते एक उत्तर हातावर ठेवते आणि तिथल्या तिथे थांबते. सगळी आकडेमोड जशीच्या तशी लक्षात ठेवून थांबते. पुन्हा ‘नेक्स्ट’, म्हणजे ‘पुढचे द्या’, अशी मागणी आली की त्याच ओळीपासून पुढे चालू लागते. मागणीच आली नाही, तर पहिली ओळसुद्धा चालत नाही.

आणि असे एकामागून एक ‘पुढचे’ देणारे जे जे काही असेल, त्याला म्हणायचे इटरेटर. जनरेटर हा त्यातलाच एक, लिहायला सर्वांत सोपा. देण्यासारखे काही उरले नाही की इटरेटर ‘स्टॉप-इटरेशन’ असा इशारा देतो. म्हणजे, “यजमान, कणीक संपली.”

ही युक्ती आजची नव्हे. मेल्व्हिन कॉनवे यांनी अशा थांबत थांबत चालणाऱ्या फंक्शनला १९५८ साली ‘कोरूटीन’ असे नाव दिले आणि १९६३ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लू’ नावाची भाषा बांधली. तिच्यात इटरेटर होते आणि ‘यील्ड’ हा शब्दही होता. या बाईंना २००८ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटरच्या जगात नोबेलच्या तोडीचा मानतात तो हा पुरस्कार. पायथनमध्ये इटरेटर आणि जनरेटर आले ते २००१ च्या अखेरीस. सी-शार्पने २००५ मध्ये आणि जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये तोच ‘यील्ड’ उचलला.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला यातील काटकसर फार भावली. कन्येच्या कंपनीत कोट्यवधी ओळींच्या नोंदी असलेल्या फाइली असतात. साऱ्या ओळी एकदम उचलून यंत्राच्या स्मरणात भरायच्या म्हटल्या, तर यंत्राला धाप लागते. जनरेटर एक ओळ उचलतो, तुमच्या हातात देतो, तुम्ही ती पाहून सोडून देता, मग दुसरी. फाइल कितीही लांब असो, एका वेळी डोक्यावर ओझे एका ओळीचे. एवढेच काय, एक, दोन, तीन असे कधीच न संपणारे आकडे देणारा जनरेटरही चार ओळींत लिहिता येतो. यंत्र त्याने गुदमरत नाही, कारण मागितल्यावाचून तो पुढचा आकडा तयारच करीत नाही. महिनाअखेरीस पाकिटात उरेल तेवढ्यावर संसार करणाऱ्या माणसाला हे तत्त्वज्ञान समजावून सांगावे लागत नाही.

“मात्र एक लक्षात ठेवा, बाबा,” फोन ठेवता ठेवता कन्या म्हणाली, “जनरेटर एकदाच—”

तेवढ्यात इकडे दुधाला उतू आले आणि मी फोन ठेवला. ते वाक्य पुरे ऐकून घेतले असते, तर ही हकिकत घडली नसती.

आता वाचनालयाकडे वळू. आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल ‘काका’ या नावानेच सर्वांना ठाऊक आहेत. मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, तरी मीही त्यांना काकाच म्हणतो. शिपाई म्हणून ते तिथे आले, नोकरी करता करता ग्रंथालयाची परीक्षा दिली, आणि २००८ पासून ग्रंथपालाची खुर्ची सांभाळीत होते. सभासद दारात दिसला की त्याने मागण्याआधीच त्याचे पुस्तक टेबलावर काढून ठेवणारा माणूस. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी ते निवृत्त व्हायचे होते. त्यापूर्वी सर्व पुस्तकांची मोजणी करून कारभार नव्या माणसाकडे सोपवावा असे मंडळात ठरले, आणि मोजणीचा ताळा मी पायथनने करून देईन असे मी छातीवर हात ठेवून सांगितले.

दाखल नोंदवहीत शेवटचा क्रमांक १२,३०६ होता. पूर्वी बाद झालेली पुस्तके वगळून उरलेल्या क्रमांकांची एक यादी केली. तिला म्हणू ‘वहीची यादी’. मग सप्टेंबरचे तीन आठवडे काका एकेका कपाटापुढे उभे राहून क्रमांक वाचीत आणि मी ते टंकीत असे. सभासदांच्या घरी गेलेल्या पुस्तकांचे क्रमांक त्यात मिळवले आणि सगळे चढत्या क्रमाने लावले. ही झाली ‘कपाटाची यादी’. आता वहीतील प्रत्येक क्रमांक घ्यायचा, कपाटाच्या यादीत शोधायचा, आणि न सापडेल तो हरवलेला म्हणून लिहून घ्यायचा. काम एवढेच. नवे शिकलेले वापरायची हौस कोणाला नसते? कपाटाची यादी मी जनरेटरने वाचायचे ठरवले. एकेक ओळ उचलायची, आजूबाजूच्या रिकाम्या जागा काढायच्या आणि स्वच्छ क्रमांक पुढे द्यायचा.

बँकेच्या शिस्तीप्रमाणे मी आधी चाचणीही घेतली. पहिले दोनशे क्रमांक दिले. ही सगळी पुस्तके काचेच्या कुलूपबंद कपाटातली. यंत्राने सांगितले, “एकही हरवलेले नाही.” हाताने पाहिले, ते बरोबर होते. मग पुरी वही दिली. पापणी लवायच्या आत उत्तर आले: हरवलेली पुस्तके ३,११८. त्यांतील पहिल्याचा क्रमांक ८,९१४.

मी खुर्चीतून उठलो तो थेट नोंदवही उघडायला गेलो. ८,९१४ ची नोंद होती २००९ सालची. म्हणजे जुनी आठ हजार नऊशे पुस्तके जागच्या जागी होती, आणि जे काही गेले होते ते सगळे काकांच्या कारकिर्दीतले होते!

सोळा वर्षांत तीन हजार पुस्तके. दर आठवड्याला साडेतीन ते चार. हा भागाकार मी मंडळाच्या सभेत करून दाखवला, आणि तो करताना, खोटे कशाला सांगू, मला थोडा आनंदही झाला. छत्तीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, ती अफरातफर पकडण्याची संधी निवृत्तीनंतर आली होती. एक सदस्य चाचरत म्हणाले, “पण कपाटं तर भरलेली दिसतात हो.” मी म्हणालो, “दिसणं निराळं आणि मोजणं निराळं.” हरवलेल्या पुस्तकांच्या क्रमांकांची लांबलचक यादी छापून मी अहवालाला जोडली होती. ती कोणीच उलटून पाहिली नाही. पाहायला हवी होती ती सर्वांत आधी मी.

काकांना सभेत बोलावले. अध्यक्षांनी आकडा सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला. कपाटांच्या चाव्या, दाराची चावी, गल्ल्याची चावी. प्रत्येकीला त्यांनी स्वतःच्या हाताने रंगीत दोरा बांधलेला होता. “साहेब, ती यादी मला वाचायला मिळेल?” एवढेच ते म्हणाले. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांच्या निवृत्तीचे पैसे थांबवावेत, असा ठराव झाला. सूचक मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची घंटा वाजली. दारात काका. एका हातात माझी यादी, दुसऱ्या हातात एक पुस्तक. मी “बसा” म्हटले, पण ते बसले नाहीत.

“साहेब, रात्री सगळी यादी वाचली,” ते म्हणाले. “चोर फार शिस्तीचा दिसतो. आठ हजार नऊशे चौदापासून शेवटपर्यंत त्यानं एकही नंबर सोडलेला नाही. वहीतला शेवटचा नंबरसुद्धा यादीत आहे. ते पुस्तक ऑगस्टमध्ये आलंय, अजून त्याला कव्हरही घातलेलं नाही. आणि हे बघा, नऊ हजार तीनशे सत्त्याहत्तर. शेजारच्या सभासदांकडून आत्ता मागून आणलं. हेही तुमच्या यादीत चोरीला गेलेलं आहे.”

मी पुस्तक उलटले. शिक्का स्पष्ट होता. माझ्या यादीत पाहिले, क्रमांक होता. कपाटाची यादी उघडली. तिथेही होता, आणि तो मीच टंकला होता. काकांनी माझ्यासमोर उच्चारलेले आणि मी माझ्या बोटांनी टंकलेले तीन हजार आकडे मी चोरीला गेले म्हणून सांगत होतो.

काका गेले. मी रात्रीचे नऊ वाजण्याची वाट न पाहता कन्येला फोन लावला आणि प्रोग्रॅम तिला पाठवला. तिने अर्ध्या मिनिटात विचारले, “बाबा, त्या दिवशी दूध उतू गेलं तेव्हा मी काय सांगत होते?”

“जनरेटर एकदाच—”

“एकदाच चालतो! पुढेच जातो, मागे येत नाही. संपला की संपला. पुन्हा पहिल्यापासून हवं असेल तर नवीन सुरू करावा लागतो.”

नंतर तिने जे सांगितले ते मला बँकेच्या भाषेत लगेच कळले, आणि कळले म्हणूनच जास्त लाज वाटली. दोन याद्यांचा ताळा आम्ही कसा करीत असू? एकजण आकडा वाचतो, दुसऱ्याचे बोट दुसऱ्या यादीवर असते. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने असल्या की बोट खाली खाली सरकत जाते, वर कधी जावे लागत नाही. माझा जनरेटर म्हणजे ते बोट. ८,९१३ पर्यंत प्रत्येक पुस्तक जागेवर होते, म्हणून बोट नेमके पुढच्या आकड्यावर जाऊन थांबत होते. ८,९१४ मात्र कपाटात खरोखरच नव्हते. माणूस असता तर त्याने पुढचा मोठा आकडा पाहिला असता, “हे नाही” म्हटले असते आणि बोट तिथेच ठेवले असते. यंत्राला ‘यादीत आहे का बघ’ एवढाच हुकूम होता. ते ८,९१४ शोधीत यादीच्या तळापर्यंत गेले, ‘नाही’ असे खरे उत्तर दिले, आणि बोट तळाशीच राहिले. पुढचा आकडा आला, ८,९१५. बोटाखाली काहीच उरले नव्हते. यंत्र म्हणाले, “नाही.” ८,९१६? “नाही.” असे तीन हजार वेळा.

“अगं, पण संपल्यावर तो इशारा देतो म्हणालीस ना? स्टॉप-इटरेशन?”

“देतो ना. पण ‘फॉर’ आणि ‘इन’ हे शब्द तो इशारा स्वतःच ऐकतात आणि गप्प बसतात. त्यांच्या दृष्टीनं यादी संपणं ही रोजची गोष्ट आहे, चूक नाही. रिकाम्या जनरेटरमध्ये शोधलं तर ते भांडत नाहीत. फक्त ‘नाही’ म्हणतात.”

वाचकहो, चोर सापडला तो इथे. ‘नाही’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, “सगळे पाहिले, त्यात नाही.” दुसरा, “पाहायला काही नव्हतेच.” पहिले ‘नाही’ एका पुस्तकाबद्दल होते. उरलेली तीन हजार एकशे सतरा ‘नाही’ दुसऱ्या जातीची होती. माझा प्रोग्रॅम दोन्ही एकाच सुरात बोलत होता, आणि मी त्या सुरावर विश्वास ठेवून एका माणसाच्या कमरेच्या चाव्या काढून घेतल्या होत्या.

माझी चाचणीही कुचकामी होती, हेही कन्येने सुनावले. कुलूपबंद कपाटातील दोनशे पुस्तकांत एकही हरवलेले नव्हते. म्हणजे जिथे प्रोग्रॅम चुकणार होता, त्या जागी मी त्याला नेलेच नव्हते. मधले एक क्रमांक मुद्दाम गाळून पाहिला असता तर क्षणात कळले असते.

“आणि बारा हजार आकड्यांसाठी कसली हो काटकसर?” ती म्हणाली. “ते सगळे एकदम यंत्राच्या स्मरणात ठेवले तरी तुमच्या फोनमधल्या एका फोटोएवढीसुद्धा जागा लागत नाही. कोट्यवधी ओळी असतील, एकदाच आणि एकाच दिशेनं बघायच्या असतील, तिथं जनरेटर. पुन्हा पुन्हा शोधायचं असेल तिथं यादी करून ठेवायची, नाहीतर ‘सेट’ करायचा. सेटमध्ये शोधणं सर्वांत झटपट.”

ज्यांच्या घरी मुले-मुली हे शिकत असतील, त्यांनी कन्येचे आणखी दोन इशारे त्यांच्या कानी घालावेत. जनरेटरमधील वस्तू आधी मोजायच्या आणि मग वापरायच्या असे करू नये. मोजण्यातच त्या संपतात आणि वापरायला काही उरत नाही. दुसरे, हातात ‘पुस्तक’ आहे की ‘पुस्तकातील खूण’ आहे, हे ओळखावे. यादी हे पुस्तक. तिच्यावर ‘फॉर’ चालवला की दर वेळी पहिल्या पानावर नवी खूण घालून मिळते. इटरेटर ही स्वतःच खूण. तिच्याकडे दुसरी मागितली तर ती स्वतःलाच पुढे करते. पायथनमध्ये ‘रेंज’ नावाची सोय आहे. तीही आकडे एकदम भरून ठेवीत नाही, पण ती पुस्तकाच्या जातीची, म्हणून कितीही वेळा पहिल्यापासून चालवता येते. आळशी दिसणाऱ्या सगळ्याच वस्तू एकदाच चालतात असे नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले.

मी प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला. जनरेटरभोवती ‘सेट’ घातला. उत्तर आले: हरवलेली पुस्तके ४१.

त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. आमच्या वाचनालयापासून त्यांचे घर दहा मिनिटांवर आहे, पण इतक्या वर्षांत मी प्रथमच जात होतो. मी चूक सांगितली, बोटाची गोष्ट सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आतून एक बारीक वही आणली. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेली पुस्तके होती, एकेकापुढे शेरा. “सभासद बदली होऊन गेले.” “२००५ नंतरच्या कपाटात पाणी शिरले, लगदा झाला.” “आजोबा वारले. मुलाकडे मागणे बरे दिसेना.” मी माझे ४१ क्रमांक त्या वहीशी ताडून पाहिले. बोट एकेका आकड्यावर ठेवून, जुन्या पद्धतीने. चाळीस जुळले.

“काका, ही वही तुम्ही आधी का नाही दाखवली?”

“दरवर्षी अहवालाला नक्कल जोडतो, साहेब,” काका म्हणाले. “शेवटच्या पानावर असते.”

मी पुढे काही विचारले नाही. उरला होता एक क्रमांक, आणि तो होता ८,९१४. “ह्याचं मलाही कोडं आहे,” काका म्हणाले. “हे पुस्तक कुणाच्या नावावर नाही, आणि कपाटातही नाही.” नोंदवहीत नाव होते. दिवाळीच्या फराळाचे एक पुस्तक.

घरी परतलो तर भाजणीचा खमंग वास जिन्यापर्यंत आला होता. दिवाळी दोन आठवड्यांवर होती आणि ही चकल्यांचा पहिला घाणा काढीत होती. ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकवून, एक पुस्तक उघडे ठेवलेले होते. कव्हर केव्हाच गेलेले, चकलीच्या पानावर तेलाचे गोल डाग.

“हे पुस्तक कुठलं गं?” मी विचारले.

“अहो, असं काय करता? तीन वर्षांपूर्वी तुम्हीच नाही का आणून दिलंत वाचनालयातून? मी म्हटलं, नोंद केलीत का? तर म्हणालात, मी मंडळावर आहे, मला कसली नोंद!”

मी पहिले पान उलटले. शिक्का होता. आत जांभळ्या शाईत, काकांच्या वळणदार अक्षरात: ८,९१४.

त्या रात्री मी चकली खाल्ली नाही. हिला वाटले, बिघडली.

पुढच्या सभेत मी सर्व हकिकत लेखी वाचून दाखवली, पुस्तकासकट. ठराव मागे घेतला. चाव्यांचा जुडगा अध्यक्षांनी नव्हे, मी परत दिला. काकांनी तो घेतला, मोजला, कमरेला लावला. निवृत्तीला तेव्हा बारा दिवस उरले होते. सभा संपल्यावर मी फराळाचे पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवले आणि तीन वर्षांच्या उशिराचा दंड विचारला. काकांनी कागदावर हिशेब केला आणि आकडा सांगितला. एक पैसाही सोडला नाही. मला बरे वाटले.

मग त्यांनी परतीची नोंदवही माझ्यापुढे सरकवली, रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, इथं सही करा. आणि पुन्हा न्यायचं असेल, तर त्याच्याखाली दुसरी सही.”

मी दोन्ही सह्या केल्या. चकल्या अजून व्हायच्या होत्या.